४० नॅनोमीटरच्या पिलरमधलं चुंबकन प्रवाहानं उलटवायचं तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोबाल्ट-लोह-बोरॉन आणि मॅग्नेशियम ऑक्साइडचा, उभ्या चुंबकनाचा, ४० नॅनोमीटर व्यासाचा टनेल जंक्शन पिलर तयार आहे, म्हणजे दोन चुंबकीय थरांचा बारीक खांब: एकाचं चुंबकन (चुंबकत्वाची दिशा) बांधलेलं, तो रेफरन्स लेयर; दुसऱ्याचं उलटू शकतं, तो फ्री लेयर; मधे मॅग्नेशियम ऑक्साइडचा विद्युतरोधक थर, तो बॅरियर. बाहेरून चुंबकीय क्षेत्र फिरवलं की तो दोन्ही बाजूंना नीट उलटतो. प्रवाह सोडला की मात्र एकाच बाजूला उलटतो, पल्स लहान केली की तेही थांबतं, आणि प्रवाह वाढवत नेला की नमुना मरतो. मुळात प्रवाह किती लागायला हवा, आणि चूक कुठे शोधायची?

या तीन तक्रारींची कारणं तीन वेगळी आहेत, पण तिघींच्या मागे एकच गैरसमज असतो: उलटवण्याचा प्रवाह हा त्या पिलरचा एक ठरलेला आकडा आहे असं मानणं. तो तसा नाही. पल्स किती वेळाची, बाहेरून न लावताही पिलरवर पडणारं क्षेत्र किती, आणि बॅरियरवर प्रत्यक्ष किती व्होल्टेज पोचलं, हे तिन्ही सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

आधी आकडा काढू. रेफरन्स लेयरमधून गाळून आलेले इलेक्ट्रॉन फ्री लेयरमध्ये शिरतात तेव्हा त्यांच्या स्पिनचा (इलेक्ट्रॉनच्या स्वतःच्या कोनीय संवेगाचा) आडवा घटक पहिल्या एक-दोन नॅनोमीटरमध्येच शोषला जातो. कोनीय संवेग नष्ट होत नाही, तो त्या थराच्या चुंबकनाला मिळतो. हाच टॉर्क. १९९६ साली जॉन स्लोन्चेव्स्की आणि लुक बर्जर यांनी स्वतंत्रपणे त्याचं भाकीत केलं आणि २००० साली कॉर्नेल विद्यापीठात कोबाल्ट-तांबे-कोबाल्टच्या पिलरमध्ये चुंबकन प्रवाहानं पुढेमागे उलटवून दाखवलं गेलं. हा टॉर्क चुंबकनाला थेट ढकलून पाडत नाही. चुंबकन आपल्या अक्षाभोवती भिरभिरतं आणि डॅम्पिंग त्याला अक्षाकडे खेचून शांत करत असतं. टॉर्क त्या डॅम्पिंगच्या विरुद्ध काम करतो. तो डॅम्पिंगपेक्षा जास्त झाला की प्रत्येक फेरीला कोन वाढतो आणि शेवटी चुंबकन पलीकडे जातं. म्हणून क्रांतिक प्रवाहाच्या (ज्याच्या पुढे हे घडतं त्या प्रवाहाच्या) सूत्रात डॅम्पिंग वर बसतं: इलेक्ट्रॉनच्या प्रभाराची चौपट भागिले एच-बार (प्लांकचा स्थिरांक भागिले २π), गुणिले डॅम्पिंग भागिले स्पिन-ध्रुवीकरण, गुणिले ऊर्जा-अडसर (दोन अवस्थांमधला ऊर्जेचा उंबरठा).

तुमच्या पिलरसाठी नेहमीचे आकडे घाला. अडसर औष्णिक ऊर्जेच्या ६० पट (यालाच डेल्टा ६० म्हणतात), डॅम्पिंग ०.०१, ध्रुवीकरण ०.६, तापमान ३०० केल्व्हिन. उत्तर येतं साधारण २५ मायक्रोअँपिअर, म्हणजे चौरस सेंटिमीटरला २० लाख अँपिअर. हा आदर्श पिलरचा आकडा आहे. २०१० साली तोहोकू विद्यापीठाच्या गटानं याच पदार्थांचा ४० नॅनोमीटरचा पिलर ४९ मायक्रोअँपिअरला उलटवला होता, आणि त्याचा टीएमआर (दोन थर समांतर आणि विरुद्ध असताना रोधात पडणारा फरक, समांतर रोधाच्या टक्क्यांत) १२० टक्क्यांच्या वर होता. तेव्हा २५ ते ५० मायक्रोअँपिअरच्या पट्ट्यात असाल तर ठीक चाललं आहे. २०० लागत असतील तर सूत्राला दोष न देता पिलरचा काठ आणि समांतर गळती तपासा.

या सूत्रातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. उभ्या चुंबकनात अडसर आणि क्रांतिक प्रवाह एकाच अॅनिसोट्रॉपीतून, म्हणजे चुंबकनाला ठरावीक अक्षाला धरून ठेवणाऱ्या गुणातून, येतात, त्यामुळे माहिती टिकवण्यासाठी जेवढी किंमत मोजता तेवढीच लिहिताना द्यावी लागते. आडव्या चुंबकनाच्या पिलरमध्ये भिरभिरताना चुंबकनाला थराच्या प्रतलाबाहेर यावं लागतं आणि तिथे विचुंबकन क्षेत्राचं (थराच्या स्वतःच्या, चुंबकनाला विरोध करणाऱ्या क्षेत्राचं) ओझं वाढतं. हे ओझं माहिती टिकवायला काडीचाही उपयोगी नाही, प्रवाह मात्र त्यासाठी मोजावा लागतो. स्मृती-चिपा बनवणारे उभ्या चुंबकनाकडे वळले ते मुख्यतः यासाठी.

आता एकाच बाजूला उलटण्याची तक्रार. इथे दहापैकी नऊ वेळा गुन्हेगार असतो तो रेफरन्स लेयरचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र. रेफरन्स लेयर फ्री लेयरपासून जेमतेम एक नॅनोमीटरवर आहे, त्यामुळे त्याचं क्षेत्र फ्री लेयरवर सतत पडत असतं. फ्री लेयरचं प्रभावी अॅनिसोट्रॉपी क्षेत्र २२० मिलिटेस्ला धरा आणि हे आगंतुक क्षेत्र फक्त २० मिलिटेस्ला. तरी एका बाजूचा अडसर ६० वरून ७१ वर चढतो आणि दुसऱ्या बाजूचा ५० वर उतरतो. म्हणजे एक अवस्था पक्की आणि दुसरी डळमळीत. हे क्षेत्र वाढून कोअर्सिव्ह क्षेत्राच्या (ज्या क्षेत्राला फ्री लेयर उलटतो त्याच्या) पुढे गेलं तर शून्य बाह्य क्षेत्रात दुसरी अवस्था उरतच नाही. प्रवाह बंद केला की पिलर परत फिरतो आणि तुम्हाला वाटतं की तो उलटलाच नाही.

म्हणून प्रवाह सोडण्याआधी फक्त फ्री लेयरचा लहान लूप (क्षेत्र पुढेमागे फिरवून काढलेला रोधाचा आलेख) काढा. रेफरन्स लेयर हलणार नाही एवढ्याच क्षेत्रात, १० ते २० मिलिव्होल्टवर वाचत, किमान पन्नास फेऱ्या. दोन्ही उलटण्याच्या क्षेत्रांची सरासरी काढा. लूपचा तो मध्यबिंदू शून्यापासून जितका सरकलेला असेल तितकं बाह्य क्षेत्र लावून ठेवा आणि प्रवाहाची सगळी मोजमापं तिथेच करा. पन्नास फेऱ्या एवढ्यासाठी की उलटण्याचं क्षेत्र दर वेळी थोडं वेगळं येतं आणि त्या विखुरण्यावरून डेल्टाही काढता येतो. वरच्या आकड्यांच्या पिलरला सावकाश मोजलेलं कोअर्सिव्ह क्षेत्र ९० मिलिटेस्लाच्या आसपास यायला हवं, २२० नव्हे, कारण उष्णता मदत करत असते. पुढच्या खेपेला स्टॅकमध्येच (थरांच्या रचनेतच) इलाज करा: रेफरन्स लेयरच्या खाली साधारण ०.८ ते ०.९ नॅनोमीटर रुथेनियम देऊन विरुद्ध दिशेनं बांधलेला दुसरा चुंबकीय थर. दोघांची क्षेत्रं एकमेकांना खोडतात. पूर्ण खोडली जात नाहीत, कारण दोन थर फ्री लेयरपासून वेगवेगळ्या अंतरावर असतात, आणि पिलरचा व्यास बदलला की तोलही बदलतो. एका व्यासाला जुळवलेला स्टॅक दुसऱ्या व्यासाला चालेल असं धरून चालू नका.

हे करूनही दोन बाजूंचे प्रवाह सारखे येणार नाहीत, आणि तसे यायलाही नकोत. टनेल जंक्शनमध्ये टॉर्क व्होल्टेजच्या मागे जातो. विरुद्ध अवस्थेत रोध दुपटीहून जास्त असल्यामुळे त्याच व्होल्टेजला प्रवाह कमी वाहतो. आलेख प्रवाहाऐवजी व्होल्टेजच्या अक्षावर काढलात तर दोन्ही बाजू बऱ्यापैकी जवळ येतात. दिशेचा घोळही नेहमीचाच: इलेक्ट्रॉन रेफरन्स लेयरकडून फ्री लेयरकडे गेले की समांतर अवस्था पक्की होते, उलट गेले की विरुद्ध. आपण लिहितो तो प्रवाह मात्र इलेक्ट्रॉनच्या उलट दिशेचा. तारा कुठल्या टोकाला आहेत हे एकदा कागदावर काढून ठेवा. चिन्ह उलटं निघालं तर आधी तारा बघा, मग स्टॅकचा क्रम. फ्री लेयर खाली आणि रेफरन्स वर असे स्टॅक सर्रास असतात.

पल्स लहान केली की उलटणं थांबतं, यात बिघाड काही नाही. क्रांतिक प्रवाहाच्या खाली पिलर उलटतो तो उष्णतेच्या धक्क्यांमुळे. प्रवाह अडसर खाली दाबतो आणि उरलेली उडी उष्णता मारते. त्यासाठी वाट पाहावी लागते. डेल्टा ६० असेल तर १०० मिलिसेकंदांच्या पल्सला क्रांतिक प्रवाहाच्या ६९ टक्के पुरतात, म्हणजे वरच्या उदाहरणात १७ मायक्रोअँपिअर. १०० नॅनोसेकंदांना ९२ टक्के, म्हणजे २३. दर दशपटीला प्रवाह थोडा थोडा वाढत जातो, आणि पल्सच्या लांबीच्या लॉगरिदमविरुद्ध आलेख काढला की सरळ रेषा येते. ती १ नॅनोसेकंदापर्यंत लांबवली की क्रांतिक प्रवाह मिळतो आणि उतारावरून डेल्टा. रेषा बसवताना १०० नॅनोसेकंदांहून लहान पल्स घेऊ नका. तिथे वेगळा कारभार सुरू होतो आणि ते बिंदू रेषेला वर ओढून डेल्टा चुकीचा दाखवतात.

तो वेगळा कारभार स्पिनच्या जमाखर्चातून छान दिसतो. ४० नॅनोमीटर व्यास आणि १.५ नॅनोमीटर जाडीच्या फ्री लेयरमध्ये साधारण २ लाख ४० हजार बोर मॅग्नेटॉन (इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वाचं एकक) एवढं चुंबकन असतं. ते पूर्ण उलटवायला तेवढेच एच-बार संवेग द्यायला हवा. ०.६ ध्रुवीकरणाचा एक इलेक्ट्रॉन जास्तीत जास्त ०.३ एच-बार देतो, म्हणजे सुमारे ८ लाख इलेक्ट्रॉन लागले. २५ मायक्रोअँपिअरला दर नॅनोसेकंदाला दीड लाखाच्या थोडे वर इलेक्ट्रॉन जातात. म्हणजे डॅम्पिंग अजिबात नसतं तरी पाच नॅनोसेकंद. १ नॅनोसेकंदाची पल्स लावून तोच प्रवाह पुरेल अशी अपेक्षा ठेवणं हिशेबातच बसत नाही.

शिवाय सुरुवात कुठून होते हेही दैवाधीन. दोन थर अगदी समांतर असतील तर टॉर्क शून्यच असतो. उष्णतेनं चुंबकन थोडं कललेलं असतं म्हणून काम सुरू होतं. डेल्टा ६० ला हा कल सरासरीनं साडेसात अंशांच्या आसपास. एखाद्या पल्सच्या क्षणी तो एखादाच अंश असेल तर कोन वाढायला उशीर होतो आणि पल्स संपून जाते. वरच्या आकड्यांवर क्रांतिक प्रवाहाच्या दुपटीला उलटायला सरासरी ६ ते ७ नॅनोसेकंद लागतात, तिपटीला साधारण ३. त्यामुळे छोट्या पल्सच्या प्रदेशात ‘उलटला की नाही’ असं विचारू नका, ‘शंभरात किती वेळा’ असं विचारा. रीसेट पल्स, वाचन, लिहिण्याची पल्स, पुन्हा वाचन. हे चक्र प्रत्येक व्होल्टेजला हजार वेळा चालवा आणि ५० टक्क्यांचा बिंदू नोंदवा. रीसेटनंतरचं वाचन वेळ वाचवण्यासाठी गाळलं जातं, आणि मग रीसेट फसलेल्या फेऱ्या यशस्वी म्हणून मोजल्या जातात. लिहिण्यातल्या चुका दहा लाखांत एक इतक्या खाली आहेत असं म्हणायचं असेल तर त्याच्या कितीतरी पट पल्स मारल्याशिवाय गत्यंतर नाही. मधल्या भागाचा वक्र लांबवून शेपटीचा अंदाज बांधणं धोक्याचं आहे.

आता नमुने मरण्याबद्दल. इथे थोडं थांबून बघायला हवं, कारण एकेका पिलरमागे काही आठवड्यांचं काम असतं आणि तो एका नॅनोसेकंदात जातो.

रोध आणि क्षेत्रफळाचा गुणाकार १० ओहम-चौरस मायक्रोमीटर असेल तर ४० नॅनोमीटरच्या पिलरचा रोध समांतर अवस्थेत ८ किलोओहम येतो. २५ मायक्रोअँपिअरला त्यावर ०.२ व्होल्ट, ५० ला ०.४. एक नॅनोमीटरच्या आसपासचं मॅग्नेशियम ऑक्साइड साधारण एक व्होल्टच्या पुढे भरवशाचं राहत नाही. म्हणजे हातात जागा फार नाही. आता पल्स जनरेटर बघा. त्याच्या पडद्यावरचा आकडा हा समोर ५० ओहमचा भार आहे असं धरून लिहिलेला असतो. समोर तुमचा ८ किलोओहम आहे, म्हणजे पल्सच्या दृष्टीनं जवळजवळ उघडी तार. पल्स तिथे आपटून जवळपास पूर्ण परावर्तित होते, आणि जाणारी व येणारी लाट पिलरवर एकत्र मिळते. पडद्यावर ०.५ व्होल्ट दिसतात तेव्हा बॅरियरवर ०.९९ व्होल्ट असतात. मर्यादा पाळूनही नमुना का मेला हे न कळण्यामागचं हे सर्वांत नेहमीचं कारण. उपाय सोपा: पिलरच्या शक्य तितक्या जवळ, समांतर ५० ओहमचा रोध बसवा, किंवा दुप्पट होतं हे धरूनच आकडा अर्धा लावा. पहिला उपाय निवडलात तर वाचन बायस-टीमधून (पल्स आणि स्थिर प्रवाह एकाच तारेवर आणणाऱ्या जोडातून) न करता वेगळं करावं लागेल, नाहीतर पिलरऐवजी तो ५० ओहमच वाचला जाईल. परत गेलेली लाट जनरेटरकडून पुन्हा परतते का हेही एकदा ऑसिलोस्कोपवर बघा. परतत असेल तर प्रत्येक पल्समागे एक छोटी सावली-पल्स पिलरला बसत असते आणि संभाव्यतेचे आकडे गढूळ करते.

सावकाश मोजमापात वेगळा धोका असतो. प्रवाह-स्रोत वापरू नका, व्होल्टेज-स्रोत वापरा. ५० मायक्रोअँपिअर समांतर अवस्थेत ०.४ व्होल्ट देतात. १२० टक्के टीएमआर असेल तर विरुद्ध अवस्थेत रोध १७.६ किलोओहम होतो आणि तोच प्रवाह ०.८८ व्होल्ट चढवतो. (व्होल्टेज वाढलं की टीएमआर घसरतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे कमी. भरवसा मात्र त्यावर ठेवू नये.) प्रोब (पिलरला टेकवायची मोजमापाची सुई) क्षणभर उचलला गेला तर प्रवाह-स्रोत कमाल मर्यादेपर्यंत चढतो, केबल तेवढ्या व्होल्टेजला भरते आणि प्रोब परत टेकताच ती सगळी पिलरमधून रिकामी होते. कोअॅक्स केबलची धारिता मीटरला १०० पिकोफॅरॅडच्या आसपास असते, एवढ्या छोट्या पिलरला ती पुरून उरते. ऑटोरेंज बंद ठेवा, रेंज बदलताना मीटरमधून निघणारे झटके पुरेसे असतात. प्रोब टेकवताना आणि उचलताना दोन्ही टोकं जमिनीला जोडलेली हवीत, आणि मनगटाचा पट्टा लावलेला हवा. कोरड्या हवेच्या दिवसांत हे विसरलं की एका दुपारी अर्धी चिप जाते.

मेलेला नमुना आणि जन्मतःच बिघडलेला नमुना यांतला फरक ओळखायला शिका. ८ किलोओहम एकदम काहीशे ओहमवर आले आणि टीएमआर गेला, तर बॅरियर फुटला. पहिल्याच मोजमापाला रोध कमी आणि टीएमआरही कमी, तर काठावर शॉर्ट आहे. आर्गन आयनांनी पिलर कोरताना खालच्या इलेक्ट्रोडमधून उडालेला धातू पिलरच्या भिंतीवर चिकटतो आणि बॅरियरला बगल देऊन वाट करून देतो. कोरताना नमुना आधी जवळजवळ सरळ धरून आणि शेवटी बराच तिरका करून भिंत साफ करायची, आणि हवा लागू न देता लगेच सिलिकॉन नायट्राइडनं झाकायचं. साफसफाई जास्त झाली की काठावरचं चुंबकत्वच जखमी होतं, त्यामुळे तिरकं कोरणं मिनिटांच्या हिशेबानं जपून करावं लागतं. खात्री करण्यासाठी एकाच चिपवर ४० पासून २०० नॅनोमीटरपर्यंतचे पाच-सहा व्यास ठेवा आणि रोध विरुद्ध एक भागिले क्षेत्रफळ असा आलेख काढा. सरळ रेषा आली आणि टीएमआर सगळ्या व्यासांना सारखा राहिला तर काठ स्वच्छ आहे. लहान पिलर रेषेच्या खाली घसरत असतील आणि त्यांचा टीएमआरही कमी असेल, तर भिंतीवर धातू आहे. रेषेच्या वर जात असतील तर काठावरची कडा निकामी झाली असून विजेच्या दृष्टीनं पिलर फोटोत दिसतो त्याहून लहान आहे. मग प्रवाह-घनता काढताना फोटोतला व्यास वापरू नका.

व्होल्टेज वाढवल्यावर उलटण्याची संभाव्यता शंभराला पोचून पुन्हा खाली येऊ लागली तर त्याला बॅक-हॉपिंग म्हणतात: पिलर उलटून पुन्हा परत येतो. अशा वेळी बहुधा रेफरन्स लेयर स्वतःच डगमगायला लागलेला असतो, कारण टॉर्क त्याच्यावरही पडतोच आणि गरम तोही होतो. आणखी व्होल्टेज वाढवणं हा त्यावरचा इलाज नव्हे. रेफरन्स लेयर घट्ट बांधा किंवा पल्स थोडी लांब करून व्होल्टेज उतरवा.

डॅम्पिंग आणि टॉर्क यांचे आकडे गृहीत न धरता मोजायचे असतील तर त्याच पिलरला गिगाहर्ट्झचा क्षीण प्रवाह द्या आणि त्यातून निघणारं स्थिर व्होल्टेज मोजा. अनुनादाला ते व्होल्टेज उसळतं. उसळीच्या रुंदीवरून डॅम्पिंग मिळतं आणि तिच्या उंचीवरून टॉर्क. हा स्पिन-टॉर्क डायोड परिणाम २००५ साली जपानमध्ये अश्विन तुळापूरकर आणि सहकाऱ्यांनी दाखवला. तुळापूरकर पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाले. स्वतःकडे इलेक्ट्रॉन-बीम लिथोग्राफी नसलेल्या महाविद्यालयांतल्या संशोधकांना आयआयटी मुंबईची नॅनो-फॅब्रिकेशन सुविधा नॅनोइलेक्ट्रॉनिक्स वापरकर्ता कार्यक्रमातून वापरता येते, हेही इथे नोंदवून ठेवतो.

आणि ५०० पिकोसेकंदांत उलटवायचं हेच ध्येय असेल तर हा दोन टोकांचा पिलर धरून बसू नका. बॅरियर तेवढं व्होल्टेज पेलणार नाही. फ्री लेयरच्या खाली टँटलम, टंगस्टन किंवा प्लॅटिनमची पट्टी घ्या आणि प्रवाह आडवा, त्या पट्टीतून सोडा. स्पिन-ऑर्बिट टॉर्क खालून मिळतो, बॅरियर फक्त वाचनाला राहतो, आणि टॉर्क सुरुवातीपासूनच आडवा असल्यामुळे औष्णिक कलाची वाट पाहावी लागत नाही. या मार्गानं २०० पिकोसेकंदांहून छोट्या पल्सनी चुंबकन उलटवून झालं आहे. उभ्या चुंबकनाला कोणत्या बाजूला पडायचं हे सांगण्यासाठी पट्टीच्या दिशेनं थोडं आडवं क्षेत्र मात्र लावावं लागतं. आणि दोनाऐवजी तीन टोकं आली, म्हणजे प्रत्येक पिलरला मास्कवर जागा जास्त लागणार, हे चिपचा आराखडा काढतानाच धरा.